इंजिन म्हणे पाणी पितं

समुद्राची शपथ! माझ्या उरलेल्या साडेतीन दातांची शपथ! यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटा निघाला तर मी मंगळवारी समुद्रात जाळं टाकीन. आणि सेकोंडीच्या किनाऱ्यावर मंगळवारी जाळं टाकणाऱ्याचं काय होतं, ते ज्याला ठाऊक नसेल त्याने आधी घरी जाऊन आजीला विचारून यावं.

तर मंगळवारच होता. होड्या वाळूवर ओढलेल्या, आणि सगळ्या गाड्या कोकोम्पेच्या गॅरेजांत, कारण दुरुस्तीला तोच एक दिवस मोकळा. त्या दिवशी आंटी अराबाचा आवाज असा चढला, की बंदरातल्या तीन जहाजांना वाटलं दुसरं जहाज भोंगा देतंय, म्हणून त्यांनी उलट भोंगे दिले. तीन. मोजलेत मी.

अराबा मासेवाली. नवरा गेल्यावर तिने स्वतःच्या जिवावर एकच वस्तू उभी केली, ती निळी व्हॅन. रोज पहाटे होड्या लागल्या की अकरा बायकांचे मासे बर्फात घालून व्हॅन आगोनाच्या बाजाराला निघायची. मागच्या काचेवर पांढऱ्या रंगात मोठ्ठं लिहिलेलं: बघत राहा.

शुक्रवारी बाजारातून परतताना गाडी चढणीवर तापली. काटा पार वर, बॉनेटमधून वाफ. ड्रायव्हर बेन्सिल वाटेत चार वेळा थांबला, पिण्याच्या पाण्याच्या पिशव्या दाताने फोडफोडून रेडिएटरमध्ये ओतल्या, तेव्हा कुठे गाडी मास्टर एजिरच्या गॅरेजपर्यंत आली. आणि तिथेच बसली. शनिवार गेला, रविवार गेला, सोमवार गेला. मंगळवारी सकाळी अराबा बघायला आली, तर गाडीचं बॉनेट काढून भिंतीला टेकवलेलं, आणि आंब्याच्या फांदीला चेनपुली लावून ठेवलेली.

"हे काय चाललंय?" अराबा म्हणाली.

"इंजिन उतरवतोय," मास्टर एजिर म्हणाला. वीस वर्षं झाली, अराबाच्या घरच्या गाड्यांना याच माणसाचा हात. माणूस भला मोठा, दरवाज्याएवढा. "हेड गॅस्केट गेलंय, आंटी. हेडही वाकलं असणार. यात आता दम नाही. माझ्याकडे परदेशातून आलेलं एक इंजिन आहे, ते बसवतो. आठ-दहा दिवस लागतील."

"मध्यरात्री मंगळवार संपला की होड्या जातायत, पहाटे मासे येतील. आठ दिवस अकरा जणींनी मासे काय डोक्यावरून आगोनाला न्यायचे?"

"त्याला मी काय करू?"

"आणि माझं इंजिन?"

"ते भंगार झालं की."

भंगार! अराबाच्या कानांतून वाफ निघाली. बाजूचा वेल्डर सांगतो, रेडिएटरपेक्षा जास्त निघाली. नवऱ्याचं दुकान मोडून तिने ती गाडी घेतली होती. ते इंजिन चालू झालं, की आवाजावरून तिला कळायचं आज याची तब्येत कशी आहे ते. आणि हा म्हणतो भंगार.

"कशावरून गेलं गॅस्केट?" तिने कमरेचं कापड घट्ट आवळलं.

मास्टरने उसासा सोडला. "आंटी, सरळ आहे. पाणी रोज कमी होतंय. चार दिवस मी रोज इंजिन चालवून बघतोय, रोज दोन-तीन पिशव्या पाणी गायब. खाली बघ. जमीन कोरडी. एक थेंब नाही. बाहेर गळत नाही, म्हणजे कुठे जातंय? गॅस्केट पाणी अडवत नाही. इंजिन पितंय."

"पितंय?"

"पितंय."

"मग मुततंय कुठे?"

वेल्डर हसला. मास्टर नाही हसला.

"हसू नकोस रे!" अराबा वेल्डरवर खेकसली. "मी थट्टा करत नाहीये. पाणी आत गेलं तर ते धुरातून पांढरं होऊन बाहेर येतं, की नाही? माझ्या नवऱ्याच्या ट्रकचं तसंच झालं होतं. तूच दाखवलं होतंस मला. बेन्सिल, धूर पांढरा आहे?"

"नाही, आंटी," बेन्सिल हळूच म्हणाला. तो मास्टरलाही घाबरायचा आणि अराबालाही, त्यामुळे मधोमध उभा होता.

"ऑइलची पट्टी काढ." बेन्सिलने काढली. अराबाने बोटाला ऑइल लावून उन्हात धरलं. "हे बघ. काळं. पाणी मिसळलं तर ऑइल दुधाच्या चहासारखं होतं. हेही तूच सांगितलं होतंस. कुठाय चहा? दाखव मला चहा!"

"सुरुवात आहे अजून. आज नाही, उद्या होईल."

"म्हणजे न झालेल्या दुखण्यासाठी तू माझ्या गाडीचं काळीज काढणार?"

"हे बघ, आंटी," मास्टरचाही आवाज चढला. "मी तुला कधी विचारलं का, मासा ताजा आहे की शिळा? तू म्हणतेस ताजा, मी खातो. मी म्हणतो गॅस्केट, तर गॅस्केट. बायकांनी मासे बघावेत."

झालं. वेल्डरने हातातली कांडी खाली ठेवली. समोर मक्याच्या पिठाचे उकडलेले गोळे विकणाऱ्या केंकीवालीने टोपलीवर झाकण टाकलं.   अराबाने व्हॅनचं मागचं दार सरकवलं, आत चढली आणि शेवटच्या बाकावर बसली.

"काढ," ती म्हणाली. "मी आत असताना काढ इंजिन. मलाही त्या साखळीला टांग. बघते फांदी टिकते का."

"आंटी, उतर खाली."

"नाही उतरत. सातव्या महिन्याची पोटुशी बाईही हलते, पण मी नाही हलणार."

मास्टर चिडून म्हणाला, "बस मग! शेवटचं एकदा दाखवतो तुला." आणि त्याने चावी फिरवली. इंजिन चालू झालं, ते पंधरा-वीस मिनिटं तसंच ठेवलं. रेडिएटरवर पंखा घरघरत राहिला. अराबा आत हाताची घडी घालून बसलेली. मनातल्या मनात तिने मास्टरच्या सात पिढ्या उभ्या केल्या आणि एकेकीला झोडपून काढलं. पाचव्या पिढीपाशी आली, तेव्हा तिच्या पायाला ओलं लागलं.

आता त्या गाडीचा तळ कायम ओलाच. मासे, बर्फ, दुसरं काय होणार? रस्त्यावर घाण पाणी सांडतं म्हणून लोक शिव्या घालायचे, म्हणून अराबानेच तळाला चहूकडून पत्र्याचा काठ वेल्ड करून घेतला होता. एक भोक ठेवलं होतं, त्याला कापडाचा बोळा. किनाऱ्यावर आल्यावर बोळा काढायचा, पाणी वाळूत सोडायचं. वर रबराची चटई. ओल्या तळाकडे त्या गाडीत कोणी बघायचंच नाही.

अराबाने एक पाय उचलला. परत ठेवला. मग चप्पल काढून अनवाणी ठेवला.

कोमट होतं.

तीस वर्षं ती बर्फाच्या पाण्यात पाय घालून उभी राहिली होती. बर्फाचं पाणी कोमट नसतं. आणि शुक्रवारपासून गाडीत एक मासा आला नव्हता. चार दिवसांच्या उन्हात तळ वाळून मिठाची पापडी धरायला हवी होती. आणि माश्या? मासळीच्या पाण्यावर माश्या नसतील असं होईल? केंकीवालीच्या टोपलीवर माश्या होत्या, वेल्डरच्या नाकावर होत्या, इथे एकसुद्धा नव्हती.

"बेन्सिल," ती आतूनच म्हणाली. "तू इथलं पाणी शुक्रवारी सोडलं होतंस?"

"सोडलं होतं की. इथे यायच्या आधी, किनाऱ्यावरच. बोळाही परत घट्ट लावला."

"मास्टर, तू आत पाणी मारलंस?"

"मी कशाला मारू?"

"मग हे कोणाचं?"

मास्टरने आत डोकावलंसुद्धा नाही. "तुझ्या माशांचं. आणखी कोणाचं?"

ती बाहेर आली. डोळे असे लाल, की त्या उजेडात म्हणे वेल्डरने चष्म्याशिवाय एक जोड पुरा केला. सरळ केंकीवालीकडे गेली. तिच्याकडे सोबोलोच्या बाटल्या असायच्या, तेच आपलं लालभडक फुलांचं सरबत. अराबाने दोन बाटल्या उचलल्या.

"इंजिन बंद कर," ती म्हणाली. "थंड होऊ दे."

"काय करतेस?" मास्टर म्हणाला.

"पितंय ना ते? मग सरबत पाजते. पाहुणा आहे."

"रेडिएटरमध्ये सरबत? वेड लागलंय का बाई तुला!"

"गाडी कोणाची?"

 इंजिन थंड होईपर्यंत अराबाने उभ्या उभ्या तीन केंकी तिखटाबरोबर खाल्ल्या, तेही अशा, की जणू मास्टरचाच एकेक लचका तोडतेय. मग बेन्सिलने फडकं धरून झाकण उघडलं. पाणी पुन्हा खाली गेलेलं. दोन्ही बाटल्या आत. वरून पाणी. झाकण बंद. इंजिन चालू.

अराबाने मागचा बाक स्वतः ओढून बाहेर टाकला. चटई गुंडाळली. बाकाखाली एक मळकी लोखंडी पेटी होती, तिच्याकडे कधी कोणी वळून पाहिलं नव्हतं. गाडी मूळची थंडीच्या देशातली, तिकडची माणसं गाडीत बसूनही कुडकुडतात, म्हणून इंजिनचं गरम पाणी दोन नळ्यांनी मागे फिरवून त्या पेटीतून ऊब घ्यायची सोय. आपल्याकडे हिटर कोण लावणार? पण लावा नाहीतर लावू नका, पाणी त्यातून फिरतच होतं.

पाच मिनिटं. दहा मिनिटं. सगळं गॅरेज दाराशी गोळा झालेलं. मास्टर मागे उभा, हात पुसत, पुसत, पुसत.

आणि पेटीमागच्या नळीच्या फाटक्या टोकाखालून एक लाल रेघ निघाली. पत्र्यावरून सरकत अराबाच्या अनवाणी पायापाशी येऊन थांबली.

"हे बघ मास्टर," अराबा म्हणाली. तिचा आवाज आता खाली आला होता, आणि त्यानेच बेन्सिलला जास्त भीती वाटली. "माझे मासे लाल मुतायला लागले."

कोणी हसलं नाही.

"मी बोळा लावला म्हणून जमीन कोरडी. ती माझी चूक, मी घेते. पण तू चार दिवसांत एकदा दार नाही उघडलंस. मासळीचा वास येतो म्हणून. हो ना? आणि मी विचारलं, तर मी बाई."

बेन्सिलने पुढून त्या दोन नळ्या कापल्या, एकीचं तोंड दुसरीला जोडलं, क्लिप आवळली. अर्ध्या तासाचं काम. रेडिएटर तीन वेळा धुतला. मग अराबाने गाडी तासभर तशीच चालू ठेवली. काटा मधोमध. पाणी जिथल्या तिथे. ती चेनपुलीखाली उभी राहिली आणि म्हणाली, "ही उतरव." मास्टरने आपल्या हाताने उतरवली.

मग मास्टर एजिर तिच्यासमोर आला, टोपी काढली आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "आंटी, मी चुकलो. तुझं म्हणणं ऐकायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी पहाटे व्हॅन अकरा बायकांचे मासे घेऊन आगोनाला गेली. चढणीवर इतकी जोरात गेली, की बर्फ वितळायला वेळच मिळाला नाही, आणि बाजारात मासे शेपट्या हलवत उतरले.

आता तुम्ही असे बघता आहात म्हणून सांगते. जहाजांचे भोंगे खरे. कानांतली वाफ खरी. शेपट्या तर मी स्वतः पाहिल्या. पण मास्टर एजिर चुकलो म्हणाला, ते मी घातलंय पदरचं. तो काही म्हणाला नाही. साखळी गुंडाळून आत गेला, आणि आजपर्यंत म्हणालेला नाही. अराबा अजून दर मंगळवारी त्याच्या दारावरून गाडी अगदी हळू नेते, मागची 'बघत राहा'ची काच त्याच्याकडे करून.