मास्तरांच्या पायाखालचा ब्रेक

मी एक जुना ब्रेक आहे मित्रांनो, आणि तोही दुसरा. खरा ब्रेक चालवणाऱ्याच्या पायाशी असतो. मी असतो डावीकडे, शिकवणाऱ्या मास्तरांच्या पायाखाली. शिकाऊ गाडीत मी लागतोच. पण माझ्याकडे बघतो कोण? सगळ्यांचा जीव स्टिअरिंगवर!

पेणच्या एका गॅरेजात लोखंडी पट्टी वाकवून मला घडवलं आणि एका दांडीने खऱ्या ब्रेकला जोडलं. मला दाबलं की तोही दबतो. मग गुणाजी मास्तर ही पांढरी गाडी थळला घेऊन आले, पुढेमागे लाल 'एल' रंगवला आणि माझी नोकरी सुरू झाली.

किती जणांना वाचवलंय मी, काय सांगू! रेवदंड्याच्या रस्त्यावर मध्येच बसलेली म्हैस, वळणावरून उसळत आलेली रिक्षा, सायकलवरची शाळेतली पोरं. मास्तरांचा पाय पडायचा आणि गाडी थांबायची. शिकणारा घाम पुसत म्हणायचा, "थांबवली बघा!" मास्तर नुसते हसायचे. समोरच्याचा धीर खचू नये म्हणून ते मला गुपचूप दाबत. देवमाणूस! मला मात्र चीड यायची. अहो, सांगा की त्याला, तू नाही थांबवलीस म्हणून!

दिशा आली ती पावसाळ्यात. नुकती अठराची झालेली, हरेश्वर नाखव्याची लेक. मासळी अलिबागच्या बाजारात न्यायला हरेश्वरने नवा टेम्पो घेतला होता आणि तो दिशाने चालवायचा होता. नारळी पुनवेला मानाचा नारळ आपल्याच टेम्पोतून बंदरावर जाणार, असं त्याने अख्ख्या कोळीवाड्यात सांगून ठेवलं होतं. घाई झाली ती तिथेच.

"मास्तर, पुनवेच्या आत लायसन हातात पायजे," तो म्हणाला.

"अहो नाखवा, उताराचा सराव राहिलाय."

"उतार काय पलून जातो हाय? मागनं दाखवा!"

मास्तरांना नाही म्हणता येत नसे. नियमात सराव सांगितलाय तो काही उगीच नाही, पण त्यांनी मान डोलावली. दिशा हुशार होती, आरसे बघायची, गिअर अलगद टाकायची. फक्त ब्रेकवर पाय नुसता टेकवायची. उरलेलं मास्तर माझ्याकडून करून घ्यायचे. तिला बिचारीला वाटायचं, पाय टेकला की गाडी थांबते. परीक्षेचं मैदान सपाट, गाडी पहिल्या गिअरमध्ये, आठचा आकडा झकास काढला आणि पोरगी पास झाली. तिने मास्तरांच्या पाया पडून पेढा दिला.

पुनवेच्या दिवशी टेम्पो झेंडूने मढवला होता. मागे नारळ घेऊन हरेश्वर आणि भाऊबंद उभे, स्टिअरिंगवर दिशा. टेम्पोपुढे बायका गाणी म्हणत चालल्या होत्या आणि त्यांच्यात आरतीचं ताट घेऊन दिशाची आई, नलू. मागून आमची गाडी. ती अमिषा नावाची नवी शिकाऊ मुलगी चालवत होती आणि मास्तर नेहमीसारखे माझ्यापाशी बसले होते.

बंदराचा उतार लागला. टेम्पो वेग घेऊ लागला. दिशाने पाय टेकवला असणार, मागचे लाल दिवे लागलेले आम्हाला दिसले. टेम्पो थांबला नाही.

"दाब! दाब गो!" मास्तर दिशाच्या टेम्पोकडे बघून ओरडले आणि त्यांनी मला असं दाबलं, असं दाबलं, की माझी दांडी वाकली. आमची गाडी जागच्या जागी उभी राहिली. टेम्पो मात्र पुढे गेला. बायका बाजूला पळाल्या, नलू ताट सावरत राहिली. टेम्पोने तिला धक्क्याच्या कठड्यावर दाबलं.

नलू जगली. गुडघ्याखालचा उजवा पाय गेला. मासळीची पाटी डोक्यावर घेऊन चालणारी बाई ओट्यावरची झाली. हरेश्वरने टेम्पोवरचा सुकलेला झेंडू उपटून काढला. दिशाने टेम्पोची चावी आईच्या उशाशी ठेवली आणि पुन्हा हात लावला नाही. मास्तरांनी शिकवणं बंद केलं. आमची गाडी माडाखाली उभी राहिली आणि खारी हवा मला खाऊ लागली. वाईट दिवस होते ते, आठवले तरी नको वाटतं.

शेवटी नलूच कुबडीवर मास्तरांच्या अंगणात आली. मागे मान खाली घालून दिशा.

"हिला उतार शिकवा, मास्तर," नलू म्हणाली. "मना दवाखान्यात कोन नेईल? टेम्पो का दारात कुजवाचा हाय?"

मास्तरांनी माझी दांडी सरळ करून घेतली. पुष्कळ दिवस दिशा चुकत राहिली, मी दबत राहिलो. पण आता मास्तर प्रत्येक वेळी सांगायचे, "ही मी थांबवली. तू नाही." ती रडायची आणि पुन्हा गाडी सुरू करायची.

मग एके सकाळी, रिकाम्या बंदराच्या उतारावर, ती म्हणाली, "मास्तर, पाय वर घ्या."

मास्तर सीटवर मांडी घालून बसले. दिशाने ब्रेक पूर्ण दाबला. माझ्यावर कुणाचाच पाय नव्हता, तरी मी खाली गेलो आणि गाडी उभी राहिली. कठड्यापाशी बसलेली नलू हसली नाही. "परत वर ने," एवढंच म्हणाली. "परत उतरव."

मित्रांनो, शिकताना खुशाल चुका, त्यासाठी तर मी आहे. पण लायसन्स हातात घेण्याआधी एकदा तुमच्या मास्तरांना पाय वर घ्यायला सांगा. गाडी थांबली नाही तर लाजू नका, अजून शिका. घरचे कितीही घाई करोत. कारण पुढे तुम्ही जी गाडी चालवाल, तिच्यात मी नसेन.