सवतीच्या मापाचा ब्लाऊज

मित्रांनो, मी शिंप्याच्या दुकानातला एक जुना पुतळा आहे. मला डोके नाही, हात नाहीत आणि पायांच्या जागी नुसता लाकडी दांडा आहे. तोंड नसताना हा बोलतो कसा, असे विचारू नका. तोंड असलेली माणसे बोलायच्या वेळी गप्प बसतात. त्यातल्याच एका माणसाजवळ माझे आयुष्य गेले.

कारखान्यातून आलो तेव्हा मी अगदी काटकुळा होतो. आमच्या मास्तरांचे नुकतेच लग्न झाले होते. मास्तर म्हणजे आमचे शिंपी, सगळी गल्ली त्यांना मास्तरच म्हणते. त्यांनी बायकोची मापे घेतली, माझ्या अंगावर कापसाचे थर चढवले, वरून मांजरपाट ताणून शिवले आणि मला हुबेहूब तिच्या अंगाचा केले. त्यानंतर तिला कधी टेप लावावी लागली नाही. कापड माझ्यावर बेतायचे, टाचण्या मला टोचायच्या आणि कपडा तिला चपखल बसायचा. ती दुकानात बसून काज-बटणे करायची. गिऱ्हाइकांना माझ्याकडे बोट दाखवून म्हणायची, "ही माझी सवत. पण उलट बोलत नाही, म्हणून जमतं आमचं."

प्रार्थनाघराचे गुरुजी आमच्याकडेच लांब झगे शिवून घेत. त्यांचा डावा खांदा पडका होता. मास्तर झग्याच्या त्या बाजूला कापसाची गादी भरायचे, आणि गुरुजी लोकांसमोर ताठ दिसायचे. देवाने माणूस आपल्या रूपासारखा घडवला, असे ते प्रार्थनेत सांगत. तिला ते फार आवडे. दुकानाला लागूनच घर होते; परत आली की माझी धूळ झटकत म्हणायची, "ऐकलंस का? तू माझ्यासारखी, मी देवासारखी. म्हणजे तूही नात्यातलीच." तेव्हा मला केवढा अभिमान वाटायचा.

मग तिच्या छातीत गाठ निघाली. डॉक्टरांनी डावा स्तन काढून टाकला. ती घरी आली तेव्हा मास्तरांनी काही कमी केले नाही. स्वयंपाक केला, धुणी धुतली, औषधे वेळेवर दिली. पण ती कपडे बदलायला लागली की त्यांना दुकानात काहीतरी काम आठवायचे.

त्यांनी तिच्यासाठी नवा ब्लाऊज शिवला. माझ्यावर बेतून. डाव्या बाजूला आतून कापूस भरला, म्हणजे कुणाला काही कळायचे नाही. तिने तो घातला, आरशात पाहिले, काढला, आतला कापूस उपसला आणि माझ्या अंगावर चढवला. मला तो अगदी छान बसला.

"हा सवतीचा आहे," ती म्हणाली. "मला माझ्या मापाचा द्या."

मास्तर जमिनीकडे बघत राहिले. पुढच्या आठवड्यात त्यांनी दुसरा शिवला, त्यात आणखी कापूस घातला. मग तिसरा. टेप मात्र खुंटीवरच राहिली. तिने प्रार्थनेला जाणे सोडले. कुणी विचारले तर गुडघे दुखतात म्हणायची.

मित्रांनो, मला तेव्हा स्वतःच्या अंगाची लाज वाटू लागली. तिचे जे गेले होते ते माझ्या अंगावर शाबूत होते, आणि ते होते तरी काय, नुसता कापूस. तिच्यासमोर उभे राहणे नको व्हायचे, पण पुतळ्याला पाठ फिरवता येत नाही.

एके दिवशी दुपारी गुरुजी झगा घालून बघायला आले. मास्तर त्यांच्या खांद्यात गादी बसवत होते. ती सुई बाजूला ठेवून म्हणाली, "गुरुजी, माणूस देवाच्या रूपाचा ना? मग माझं कापून टाकलं ते देवाचं होतं की माझं?"

गुरुजींनी आपल्या पडक्या खांद्यावर हात ठेवला.

"वहिनी, मला ठाऊक नाही. मी तर देवापुढेसुद्धा कापूस घालून उभा राहतो. मास्तर, काढा ही गादी."

मास्तर म्हणाले, खांदा लोकांना दिसेल.

"दिसू दे. आहे तो आहे."

गुरुजी गेले. मास्तर ती उसवलेली गादी हातात घेऊन तसेच उभे होते.

"अहो, माझी लाज वाटते का तुम्हाला?" तिने विचारले.

"तुझी नाही गं. मला बघवत नाही, त्याची वाटते."

"मग बघवत नसलं तरी बघा. घ्या ती टेप."

मास्तरांनी दुकानाचे दार लोटून घेतले आणि टेप काढली. डोळे भरल्यामुळे आकडे दिसेनात, म्हणून पुन्हा मोजावे लागले. व्रणावरून टेप नेताना दुखतंय का, असे त्यांनी विचारले. "टेपनं नाही दुखत," ती म्हणाली. मग ते कात्री घेऊन माझ्याकडे आले. डाव्या बाजूचे मांजरपाट उसवून त्यांनी आतला कापूस उपसला आणि कापड सपाट शिवून टाकले. मला काही दुखले नाही. उलट तिच्यासमोर उभे राहण्याची लाज त्या दिवशी गेली.

त्या मापाचा ब्लाऊज घालून ती प्रार्थनेला गेली, पहिल्या रांगेत बसली. गुरुजींचा खांदा तिरका होता म्हणे. परत येऊन तिने मला सांगितले, "लोकांनी पाहिलं, मग दुसरीकडे पाहिलं. संपलं."

पण दुखणे संपले नव्हते. तिच्या मापाचा ब्लाऊज एकच झाला, आणि तो अंगावर घेऊनच ती गेली. बाकीचे, कापूस भरलेले, कपाटात आहेत. त्या कपाटाशी मास्तरांची मान अजून खाली जाते.

मी आता फाटलो आहे. मास्तरांची मुलगी म्हणते, बाबा, गिऱ्हाइकं हसतात, नवा पुतळा घेऊ या. मास्तर ऐकत नाहीत. रोज सकाळी माझी धूळ पुसतात, आणि डाव्या बाजूशी फडके जरा जास्त वेळ थांबते.

मित्रांनो, मला जपले नाही तरी चालेल. पण घरातल्या कुणाचे अंग दुखण्याने किंवा वयाने बदलले, तर त्याला जुन्या मापाचे कपडे शिवू नका. टेप घ्या आणि जवळ जा. आमच्या मास्तरांनी फार उशीर केला.