परातीत चालणारं पान

राधाबाईंच्या ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. एकाहत्तरचा डिसेंबर, लढाईला तोंड फुटून आठवडा झालेला. रांझी वस्तीतले पुरुष दारूगोळ्याच्या फॅक्टरीत जादा पाळ्या ओढत होते आणि दुपारी त्यांच्या बायका इथे बसून एक विड्याचं पान पाण्यावर चालताना बघत होत्या.

पान कोवळं, तळहाताहून लहान. परातीत नर्मदेचं पाणी. वारा नाही, धक्का नाही, तरी पान शेंडा पुढे करून निघायचं आणि परातीला फेरी घालायचं. मग शालिग्राम महाराज डोळे उघडून, जिचा भाऊ किंवा मुलगा फौजेत तिला म्हणायचे, "चल पडी मैया. तुमचा माणूस आघाडीवर सुखरूप आहे."

महाराजांचं निरूपण ऐकण्यासारखं असे. पानाच्या शेंड्याला लक्ष्मी, मध्ये सरस्वती, आणि देठाशी ज्येष्ठा, म्हणजे लक्ष्मीची थोरली बहीण अवदसा. तिचं तोंड बंद करायला ते देठाच्या खाचेत कापराचा खडा बसवत. मग तेलानं चपचपीत जटांवरून हात फिरवून ध्यान लावत आणि कधीमधी एका बोटानं पाण्याला शिवत. ज्येष्ठा कापराला फार भिते म्हणे. हे तिनं महाराजांच्या कानात केव्हा सांगितलं, ते कोणी विचारलं नाही.

परात शरयूची होती, लग्नात आलेली, गल्लीत सगळ्यात मोठी. ती राखेनं घासूनच आणायची, असा महाराजांचा दंडक. शरयूला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. तिच्याही घरी सत्यनारायणाला विडा मांडत. पण तिची धाकटी जाऊ विनता परातीपुढे बसली, महाराजांनी बोट बुडवलं, आणि पान जागच्या जागी थबकलं. देवी कोपली, म्हणत महाराजांनी त्या दिवशीची बैठक मोडली. विनताचा नवरा श्रीकांत फौजेत, पंजाबच्या आघाडीवर. तीन आठवडे पत्र नव्हतं. अकरा दिवस नुसत्या पाण्यावर राहायचं आणि हातातल्या पाटल्या महाराजांच्या हातून नर्मदेला वाहायच्या, असा उपाय निघाला. विनताला पाचवा महिना होता.

ती घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडली. शरयूनं दूध पुढे केलं, समजावलं, रागावली. विनता एवढंच म्हणत राहिली, "ताई, पान नाही हललं ना."

संध्याकाळी शरयू परात धुवायला बसली. पाणी थेंबाथेंबानं ओघळत होतं, बोटं तुळतुळीत झाली. परात तेलकट होती, चमेलीचा वास येत होता. परवाही अशीच आली होती, तिला आठवलं. परवाच कांचघर मोहल्ल्यातून आलेल्या एका बाईचं पान अडलं होतं आणि लगेच बैठक मोडली होती. ज्या दिवशी सगळी पानं चालली, त्या दिवशी परात बिनतेलाची, स्वच्छ.

तिनं परात पुन्हा घासली, पाणी भरलं, देवापुढचं एक लहान पान घेतलं, देठाशी कापूर टेकवला. पान निघालं. क्षणभर तिच्या अंगावर काटा आला. मग तिनं आपल्या तेल लावलेल्या वेणीवरून बोट फिरवून पाण्याला लावलं. पान थांबलं. शरयूला आधी हसू आलं. मग आतल्या खोलीतलं विनताचं कण्हणं ऐकून असा संताप आला की ती रात्रभर कूस बदलत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिनं विनताला हाताला धरून नेलं. महाराजांनी पान सोडायच्या आधीच ती म्हणाली, "महाराज, आधी तेवढे हात राखेनं धुऊन घ्या."

महाराजांनी डोळे वटारले. अशानं अनुष्ठान भंग होईल, म्हणाले.

"मग मीच बघते," म्हणत शरयूनं देठाशी कापूर लावून पान सोडलं आणि हात जोडले. "माझे आजोबा मी लहान असतानाच वारले. ते आघाडीवर सुखरूप आहेत काय?"

पान सरसरत निघालं. मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. शरयूनं वेणीवरून फिरवलेलं बोट पाण्यात बुडवलं, पान थबकलं, आणि मग सगळी ओसरीच हसू लागली. महाराज पुटपुटू लागले तशा राधाबाई उठल्या. "महाराज, चार वाजताची बस आहे," त्या म्हणाल्या. "निघा तुम्ही."

विनता मात्र हसली नाही. "मग हे कसे आहेत, ताई?"

"मला नाही माहीत," शरयू म्हणाली. "पण या पानालाही नाही माहीत, विनू. तू काहून उपाशी मरून राहिली?"

घरी येऊन विनतानं अर्धी पोळी खाल्ली, मग उरलेली अर्धी.

फॅक्टरीच्या प्रयोगशाळेतल्या बाबारावांनी नंतर सगळं उलगडून सांगितलं. पाण्याच्या पृष्ठभागाला ताण असतो. देठाशी कापूर विरघळला की मागचा ताण ढिला पडतो आणि पुढचं पाणी पानाला ओढून नेतं. तेल सगळीकडे पसरलं की मागची-पुढची ओढ सारखी होते आणि पान अडतं. यात ना लक्ष्मी, ना अवदसा.

लढाई थांबल्यावर श्रीकांतचं पत्र आलं. काही बाया म्हणाल्या, बघा, महाराज खोटे ठरले. शरयूला ते पटलं नाही. पत्र आलं नसतं, तरी महाराज खोटेच होते. घरच्या पूजेत ती आजही विडा मांडते, कारण हिरवं पान मंगल दिसतं. मांडावं, हात जोडावेत. पण ज्याला काही कळत नाही त्याला आपल्या माणसाची खबर विचारू नये, आणि कोणी विचारायला लावलं, तर आधी त्याचे हात धुऊन घ्यावेत.