गाळणीला रफू

"ही तपासणीची काच आमच्या हिचीच कशावरून?" रफूमास्तरांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं. "नावं बदलली असतील तर?"

"अहो!" शेजारच्या खुर्चीवरून बायको कुजबुजली. "जरा दमानं घ्या."

मास्तरांना कुठला दम? गिऱ्हाइकाने कोट टाकला की भोकाआधी अस्तर उलटून बघणारा माणूस. बायकोच्या मूत्रपिंडाचा सुतळीएवढा तुकडा सुईने काढून नेला, तेव्हापासून दवाखान्यातल्या झाडूवाल्यावरही त्यांचा विश्वास उरला नव्हता.

"आणि लघवी तर हिला भरपूर होते. तासातासाला उठते. मग मूत्रपिंड बिघडलं कसं?"

"पाणी जातंय, मास्तर. घाण आतच राहतेय." बाईंनी सूक्ष्मदर्शक त्यांच्यापुढे सरकवला. "तुम्हीच बघा. रंग आम्ही दिलेत. लाल ते जिवंत, निळं तो वण."

मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला. चाळीस वर्षं धागे मोजलेला डोळा तो. लाल रंगाची चार बेटं, बाकी सगळं निळं. त्यांचा चेहरा खुलला.

"वण म्हणजे जखम भरली की! रफूच झालंय ते. उगाच घाबरवता माणसाला."

"कोटाला ठीक आहे. चहाच्या गाळणीला रफू केलंत तर?"

मास्तरांनी डोळा वर उचलला. भोकं बुजतील. चहा वरच राहील.

"निळं वाढतं तसं काम घटतं," बाई म्हणाल्या. "उरलेलं लाल बरीच वर्षं दुप्पट राबतं, म्हणून बाहेर कळत नाही. कळतं तेव्हा निम्म्याहून जास्त गेलेलं असतं. ते परत येत नाही. आता उरलंय तेवढं जपायचं." त्यांनी कागद ओढला. "आजी, गुडघ्यांसाठी गोळ्या घेत होतात?"

"नाही," बायको पटकन म्हणाली.

मास्तरांनी वळून पाहिलं. ती टेबलाच्या कडेकडे बघत होती. दुकानात दिवसभर मांडी घालून ती काजं करायची. गुडघे धरले की गोळी तिच्या हातावर ठेवायचे तेच. 'घे, दोन तास निघतील.' अकरा वर्षं. साऱ्या जगाचं अस्तर उलटून पाहिलं, त्या पाकिटाची मागची बाजू तेवढी कधी वाचली नाही.

"घेत होती," ते म्हणाले. "रोज दोन. मीच आणायचो."

"विचारलंय मला," बायको फणकारली. "तुमचं काय मध्येच?"

बाईंनी लिहून घेतलं. "त्या गोळ्यांनीच झालं असं छातीठोकपणे नाही सांगता येत. पण आजपासून बंद. एकही नाही."

लिफ्ट बंद होती. बायको कठडा धरून एकेक पायरी उतरू लागली. मास्तर तिच्याकडे तोंड करून, उलटे उतरत होते.

"पडाल. पुढं बघा."

"दुखतंय?"

"नाही."

मास्तरांनी तिच्याकडे नीट पाहिलं.

"मला धाप लागलीय," ते म्हणाले आणि मधल्याच पायरीवर बसले. शेजारची फरशी तळहाताने पुसली.

ती क्षणभर संशयाने बघत राहिली. मग कठडा सोडून हळूच खाली बसली.