गिटार नसलेलं गाणं

बँडचा पहिला अल्बम सगळा थोरल्याचा होता. गाणी त्याची, आवाज त्याचा, कव्हरवर गिटार घेऊन उभा तोच. धाकटी बहीण मागे व्हायोलिन वाजवायची, तिचा नवरा ड्रमवर. अमेरिकी कंट्री संगीताच्या संथ चालीत रॉकचा दणका मिसळत ही मंडळी लहान लहान गावांतून फिरली आणि त्यांचं बरं नाव झालं.

दुसऱ्या अल्बमला मात्र घोडं पेंड खाऊ लागलं. टायरच्या जुन्या गोदामात रेकॉर्डिंगला बसले, तरी थोरल्याकडे धड गाणी नव्हती.

"दादा, माझं एक आहे," धाकटी म्हणाली. "ऐकतोस?"

गाणं बाबांवर होतं. कारखान्यात लेथ यंत्रावर काम करून घरी आले की मुलांना जवळ घेण्याआधी ते तळहातात रुतलेला लोखंडाचा कीस चिमट्याने काढत बसायचे, आणि तोवर मुलं झोपून जायची. एवढंच गाणं. रेकॉर्डिस्टने कानावरचे हेडफोन काढले. "आधी हेच करू," तो म्हणाला.

थोरल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. "चांगलंय," तो कसाबसा म्हणाला. "पण आपल्या बाजाचं नाही. मी गिटारने सावरून घेतो."

सावरणं राहिलंच बाजूला. एकदा तो आधीच घुसला, एकदा तार खरखरली, मग ऐन कडव्यात त्याने तारा सुरात लावायला घेतल्या.

"दादांना आज झालंय काय?" मेहुण्याने विचारलं.

"तो चुकत नाहीये," धाकटी म्हणाली. "चुकवतोय."

"बाबांवरचं गाणं माझं होतं!" थोरला भडकला. "कधीपासून घोळवतोय मी मनात!"

"तू घोळवत बसलास. मी लिहून टाकलं."

तो दार आपटून बाहेर गेला. पत्र्याच्या भिंतीपलीकडून तिचा आवाज येत होता, सोबतीला नुसतं व्हायोलिन. वरच्या सुराला ती घसरावी, असं त्याला मनापासून वाटत होतं. ती घसरली नाही. एका ठिकाणी आवाज जरासा फाटला, आणि तो नेमका तिथेच फाटायला हवा होता. हे कळण्याइतका चांगला कान आपल्याला का मिळाला, याचाच त्याला राग आला.

तो आत आल्यावर रेकॉर्डिस्टने विचारलं, "आता घालायची का गिटार?"

हो म्हणणं सोपं होतं. "नको," तो म्हणाला. "मरेल ते गाणं."

अल्बम आला आणि लोकांनी तेच गाणं डोक्यावर घेतलं. प्रत्येक कार्यक्रमात त्याची फर्माईश व्हायची, आणि थोरला गळ्यात गिटार अडकवून स्टेजवर नुसता उभा राहायचा. हातांचं काय करावं कळायचं नाही.

"तेवढा वेळ खाली उतरतोस का?" धाकटीने एकदा विचारलं.

"नको. लोकांना वाटेल, मी रुसलोय."

"रुसलायसच ना?"

"हो. पण लोकांना कशाला कळायला हवं?"

मग एका कार्यक्रमाला बाबा आले. लेथच्या घरघरीने त्यांचे कान जवळजवळ गेले होते. पहिल्या रांगेत बसून ते नुसते बघत राहिले. कार्यक्रम संपल्यावर विंगेत येऊन त्यांनी थोरल्याला गाठलं.

"मधे वाजवत का नव्हतास रे? तार तुटली होती?"

"नाही. ते गाणं धाकटीचं आहे. तुमच्यावर."

"काय?"

"तुमच्यावर आहे, बाबा!"

"असं? चांगलंय का?"

हळू बोलून भागणार नव्हतं. "माझ्या सगळ्या गाण्यांपेक्षा चांगलंय!" थोरला ओरडला.

वायरी गुंडाळणारा मेहुणा थबकला. धाकटीने व्हायोलिनच्या पेटीतून मान वर केली नाही.

बाबा खूश झाले. "मग तिला म्हणावं, घरी ये आणि माझ्या कानाशी बसून म्हण."

निरोप पोचवायची गरजच नव्हती. थोरला स्पीकर उचलायला गेला. मन हलकं वगैरे काही झालं नाही. जळजळ होती तिथेच होती. आता ती सगळ्यांना ठाऊक झाली होती, एवढंच. लपवण्याचे कष्ट तेवढे वाचले.