रंगवलेली तिसरी पायरी

मी एक जुनी लाकडी शिडी आहे. बसा मित्रांनो, बसा, फक्त माझ्यावर बसू नका. आताशा अंग फार दुखते हो. दोन पाय पुढे, दोन मागे आणि मध्ये सहा पायऱ्या, एवढाच माझा संसार. रंगारी मला घोडी म्हणतात. घोडीला निदान चारा तरी मिळतो. मला मिळाले ते रंगाचे शिंतोडे आणि माणसांचे पाय.

एका तिरसट सुताराने मला घडवले आणि एका रंगाऱ्याने विकत घेतले. तिथून माझी हमाली सुरू झाली. छत खरवडा, भिंतीच्या भेगांत लांबी म्हणजे पुट्टी भरा, घासा, रंग द्या, की चला पुढच्या घरी. खोली चकचकीत झाली की घरची माणसे भिंतींकडे बघून "वा!" म्हणत आणि लगेच ओरडत, "ती शिडी आधी बाहेर काढा, फरशीला ओरखडे पडतील!" कामापुरता मामा, दुसरे काय!

अशी वर्षे गेली आणि माझी तिसरी पायरी आतून तडकली. रंगाऱ्याने तिच्यावर जाड दोरी गुंडाळली. त्या दोरीने पायरी थोडीच सांधणार होती? ती खूण होती, इथे पाय ठेवायचा नाही. तो दुसरीवरून थेट चौथीवर जायचा. पुढे त्याचे गुडघे गेले, तो घरी बसला आणि मी जुन्या सामानाच्या दुकानात जाऊन पडले. दोरीचा अर्थ तिथे कुणाला ठाऊक असणार?

तिथून मला एका नव्या घरमालकाने आणले. त्याने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचे घर घेतले होते आणि सगळी रंगरंगोटी स्वतःच करायची असा पण केला होता. हौस दांडगी, अनुभव शून्य. ओल्या भिंतीवर रंग फासला, त्याचे पोपडे निघाले. खिडकी बंद ठेवून रंगवली, ती पुन्हा उघडेना. मी आपली मुकाट्याने उभी. माझ्या पायरीवरच्या दोरीत पाय अडकतो म्हणून तोही ती पायरी ओलांडूनच चढायचा. दोरी आपल्याला सांभाळते आहे, हे त्या बिचाऱ्याला कुठे माहीत!

त्या घरात त्याची आई होती. तिचा सारा जन्म भाड्याच्या खोल्यांत गेलेला. प्रत्येक घरमालकाचे एकच पालुपद, "भिंतीला खिळा ठोकायचा नाही." तिच्या नवऱ्याने हौसेने भिंतीवरचे घड्याळ आणले होते. ते कायम कपाटावर टेकवलेले असे. कपाटाचे दार जरा जोरात लावले की आडवे पडे. नवरा गेला, खोल्या बदलल्या, घड्याळ काही भिंतीवर चढले नाही.

"या घरातला पहिला खिळा मी ठोकणार," तिने मुलाला बजावले होते. "माझ्या हातानं. कुणी मध्ये पडायचं नाही."

भिंती झाल्या आणि निळा रंग थोडा उरला. उरलेला रंग हातात असला की या लोकांना काही सुचत नाही. घरमालकाची नजर माझ्यावर गेली. त्याच्या बायकोने हटकले, "अरे, ती दोरी कुणीतरी मुद्दाम बांधली असेल."

"मुद्दाम कसली! बघ किती कळकट दिसतेय."

कात्रीने दोरी कापली. भेगेत लांबी भरून, घासून, वर दोन हात निळा रंग दिला. शेजारच्या काकू बघायला आल्या आणि म्हणाल्या, "अगंबाई, शिडी आहे की शोभेची वस्तू!" जन्मात पहिल्यांदा माझे कौतुक झाले, आणि ते दुखणे झाकल्यावर. मला त्या रंगाखाली गुदमरायला होत होते.

मग तो दिवस आला. आईने कंबर कसली, एका हातात हातोडी घेतली आणि खिळा दातांत धरला. मुलगा खाली घड्याळ घेऊन उभा राहिला, त्यामुळे त्याचे दोन्ही हात अडकलेले. पहिली पायरी. दुसरी. तिसरीवर तिने पाय टेकवला आणि मी जीव तोडून कुरकुरले. मला दुसरे येते काय?

ती थबकली. खिळा हातात घेऊन म्हणाली, "अरे, ही कुरकुरतेय."

"नवा रंग आहे गं आई, म्हणून वाजते. चढ तू बिनधास्त."

पोटच्या पोरावर विश्वास ठेवून तिने सगळा भार टाकला. पायरी मोडली. मुलाने घड्याळ टाकून धाव घेतली, पण ती खाली कोसळली होती. उजवे मनगट मोडले आणि घड्याळाची काच फुटली.

"घड्याळ चालतंय का रे?" पडल्या पडल्या तिने विचारले.

घड्याळ चालत होते. त्याने ते तसेच सोडून आईला उचलले.

आईला दवाखान्यातून आणल्यावर तो रंग काढायचा धारेचा पत्रा घेऊन माझ्यापाशी बसला आणि सगळा निळा रंग खरवडून काढला. मोडक्या पायरीवर दोरीचे जुने वळ दिसले, तेव्हा तो ढसाढसा रडला. नंतर त्याने सुताराकडून नवी पायरी बसवून घेतली आणि मला नुसते तेल चोळले.

आईचे प्लास्टर निघाले. तो म्हणाला, "चल आई, खिळा तूच ठोक. मी घट्ट धरतो."

तिने माझ्याकडे पाहिले आणि मान हलवली. "नाही रे बाबा. आता छाती होत नाही. तू चढ, मी धरते."

त्याने खूप विनवले. ती बधली नाही. जन्मभर जपलेली एक इच्छा तिने अशी सोडून दिली. मित्रांनो, माझी पायरी नवी मिळाली, तिचे धाडस कुठून आणायचे?

रंगवा, हवे ते रंगवा. पण आधी हात फिरवून बघा, आणि कुणी काही खूण बांधून ठेवली असेल तर कापण्याआधी चार जणांना विचारा. थकलेल्या वस्तूला याहून जास्त काही नको असते.

त्याने खिळा ठोकला आणि बिनकाचेचे घड्याळ लावले. "तिरकं झालं गं. काढून नीट लावू?"

"राहू दे," ती खालून म्हणाली. "आपल्याच भिंतीवर आहे ना? तू आधी खाली ये."

तो जमिनीवर उतरेपर्यंत तिने वर पाहिलेच नाही. तिची नजर माझ्या पायऱ्यांवर होती, आणि मला तिने दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवले होते.