भरीत पार्टीतला मुडदा

धुळ्याच्या एका लॅबमध्ये स्नेहल रक्त तपासायचं काम करत असे, आणि खोटा रिपोर्ट द्यायचा नाही हा लॅबमधला बाणा ती घरीही सोडत नसे. फावल्या वेळात ती मोबाइलवर व्हिडिओ करून ‘भरीत पार्टीमा खून’ या अहिराणी सिनेमांना नंबर देई. सिनेमे सात, गोष्ट एकच. शेतात भरीत पार्टी रंगात येते, तोंडावर गोणपाट ओढलेला विळेवाला कपाशीतून निघतो, पाहुणे एकेक करून कापतो आणि शेवटी निवांत मांडी घालून सगळं भरीत खातो. निर्माता हेमराज हा पारोळ्याचा बियाण्यांचा दुकानदार. तीनचा आकडा त्याला इतका अशुभ वाटे की दुसऱ्या भागानंतर त्याने थेट चौथा काढला. लोकांनीही गुमान चौथा पाहिला. माणसं कापताना ज्याला काही वाटत नाही तो आकड्याला भितो, आता याला काय म्हणायचं.

जळगावच्या राजदीपशी स्नेहलची पसंती झाली होती. पहिल्याच भेटीत त्याने कबूल केलं होतं की असले सिनेमे तो डोळे मिटून बघतो, आणि इतकं खरं बोलणारा नवरा हातचा घालवायची तिची अजिबात तयारी नव्हती. लग्नाची तारीख तेवढी राहिली होती. ती ठरवणार होते राजदीपचे वडील, धम्मपाल आबा. आबा एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले, बोलणं तिकिटाएवढं. डिसेंबरात त्यांनी शेतावर भरीत पार्टी ठेवली आणि निरोप धाडला की पोरीने सगळ्यांसमोर सिनेमांचे नंबर लावावेत, मग तारखेचं बघू.

आदल्या दिवशी राजदीपचा दबक्या आवाजात फोन आला. चौथा सगळ्यात वर ठेव, आबांनी त्यात काम केलंय, पण तुला सांगितलं हे त्यांना कळता कामा नये. काम कसलं, हे ती विचारणार तोच मागे आबांचा खोकला ऐकू आला आणि फोन बंद पडला.

एसटीत बसल्याबसल्या स्नेहलने चौथा भाग पुन्हा लावला. सिनेमा अगदी टुकार होता. त्यातलं रक्त बीटाच्या रसाचं होतं आणि एका प्रसंगात विळेवाला ते चाखूनही बघत होता. पारोळा गेलं तरी आबा काही दिसेनात. मग एक उंच माणूस मफलर गुंडाळून कपाशीतून पाठमोरा पळताना दिसला. हेच ते, असं तिने ठरवून टाकलं. असल्या सिनेमाला पहिला नंबर द्यायचा म्हणजे तिच्या जिवावर आलं होतं, पण राजदीप त्याहून जिवाचा होता.

शेतावर कापसाच्या वाळल्या काड्यांचा जाळ पेटला होता. राजदीपची आई लिलाबाई भाजलेली वांगी लाकडी बडगीत ठेचत होती. सतरंजीवर सगळे भाऊबंद बसले होते आणि मधोमध आबा, हाताची घडी घालून. स्नेहलने त्यांना जय भीम केला आणि खालून सुरुवात केली. निदान शेवटचा नंबर तरी खरा द्यावा म्हणून तिने सगळा राग त्यावरच काढला.

शेवटचा नंबर पाचव्या भागाला, ती म्हणाली, आणि तो केवळ त्यातल्या मुडद्यामुळे. विळेवाला त्याला सुरुवातीलाच मारतो आणि बिचारा जाळाशेजारी पडून राहतो. पडतो तोंडावर हात घेऊन. मग पाय खाजवतो. मग सदरा खाली ओढतो. आणि शेवटी बोटांच्या फटीतून एक डोळा उघडून भरीत झालं का ते बघतो. मुडद्याला एवढी भूक लागते का हो, असं तिने सगळ्यांना विचारलं.

गुलाबकाका, म्हणजे आबांचे धाकटे भाऊ, हसता हसता एकाएकी थांबले. लिलाबाईने पदर तोंडात धरला. राजदीपचा चेहरा भाजल्या वांग्यासारखा पडला होता. स्नेहलला वाटलं, लोक सिनेमात रंगले. तिने पुढचे नंबर भराभर उरकले आणि चौथ्या भागाशी येऊन थांबली. पहिला नंबर याचाच, ती आबांकडे बघत म्हणाली, कारण त्या पळणाऱ्या माणसाची नुसती पाठ बघूनच अंगावर काटा येतो.

“ती पाठ मनी शे,” गुलाबकाका म्हणाले आणि मफलर सावरून बसले.

मग राजदीपने मान खाली घालून खुलासा केला. हेमराजचा अपशकुन आबांना मुळीच मान्य नव्हता. अंधश्रद्धेपायी आकडा गाळायचा म्हणजे काय? या घरात दोनानंतर तीनच येत, त्यामुळे जगाचा पाचवा तो घरचा चौथा, आणि राजदीप लहानपणापासून त्याला चौथाच म्हणत आला होता. आबा पाठीत नव्हते, मुडद्यात होते.

लग्न गेलं, हे स्नेहलला स्पष्ट दिसलं, आणि जातंच आहे तर निदान खोट्यापायी जाऊ नये असं तिला वाटलं. तिने सांगून टाकलं, पहिला नंबर तिने आबांसाठी लावला होता, तो खोटा. शेवटचा मात्र खराच.

गुलाबकाकांनी मफलर सोडलं. आबांनी जाळात एक काडी सारली.

“मी डोया उघाडा, कबूल,” ते म्हणाले. “पन भरीत करपी राह्यनं व्हतं. कोनंच ध्यान नव्हतं.”

एवढं बोलून ते उठले, सतरंजीवर उताणे पडले आणि छातीवर हात ठेवले. “आते देख. हालनू ते सांग.”

सगळी पार्टी त्यांच्याभोवती जमली. गुलाबकाकांनी सूड म्हणून त्यांच्या नाकाशी कांद्याची पात फिरवली, पण आबा हलले नाहीत. लिलाबाईने भरिताला फोडणी दिली, वास शेतभर गेला, तरी पापणी लवली नाही. स्नेहल जवळ बसून डोळ्यांत तेल घालून बघत होती आणि तिला त्या म्हाताऱ्याचा भलताच लळा लागत चालला होता. शेवटी लिलाबाई वैतागली. पाहुणे खोळंबलेत, मरायचं तर मरा, पण आधी पोरांची तारीख तरी सांगा, असं तिने सुनावलं.

“लगीन सव्वीस जानेवारीले,” मुडदा डोळे मिटूनच म्हणाला. “आते माले मरू द्या.”

राजदीपने स्नेहलकडे पाहिलं. खरं बोलायचं नाही असं तो हाताने खुणावत होता. पण तिचा नाइलाज होता.

“आबा, मुडदा बोलला,” ती हळूच म्हणाली. “शेवटचाच नंबर.”

यावर आबा हसले, आणि त्यांचं पोट बराच वेळ हलत राहिलं.